संगीची ओटी आणि आयर्लंडातली आई

३ फेब्रुवारी, सोमवार
मी सांगतीया, मृणाल लिहितीया. आमच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहती. लातूरची पोर, लवळ्याच्या कॉलेजात पीएचडी करती. मला अक्षर येत न्हाई, तिला भाकरी येत न्हाई. फिट्टमफाट.
अभ्यास कशाचा, तर आयर्लंड देशातल्या हल्लीच्या कादंबऱ्यांत नवरे बायकांना का मारत्यात. म्हनलं, "त्यापायी इतक्या लांब कशाला गेलीस बाई? पिरंगुटला रिक्षानं जाता आलं असतं की." खुदकन हसली. मग आठवलं तिला, माझी लेक संगी पिरंगुटलाच दिलीय. हसू गिळलं.

५ फेब्रु.
ओट्यावर शेंगा फोडत बसलो. मृ. नं गोष्ट सांगितली. पाऊस, हिरवं गवत, गाया, जमिनी विकून बांधलेले बंगले. म्हंजी आमची मुळशीच की!
गोष्टीतल्या नवऱ्याचं काम गेलं, दारू वाढली, हात उठायला लागला. मृ. म्हनली, "बेकारी हे एक कारण, आजी."
"कामावरनं काढलं त्या सायबाला मारलं का त्यानं?"
"नाही."
"मग हात शाना हाय की. कुणावर उठायचं ते बरोबर कळतं त्याला."
तिनं हे अभ्यासाच्या वहीत उतरवून घेतलं. चोरटी.

७ फेब्रु.
आज गोष्टीतली शेजारीण. भिंतीपलीकडं आवाज झाला की ती टीव्ही मोठा करती. संगीच्या शेजारची भजन मोठं करती. तेवढाच फरक.
मी इचारलं, "ती बाई निघून का जात न्हाई?" मृ. म्हनली, "जाणार कुठं? तिकडं भाड्यानं खोली मिळणं महामुश्कील."
आमच्या खालीवर पाच खोल्या. पाची भाड्यानं. कुटल्या कुटल्या पोरी राहून गेल्या. लेकीला एक द्यावी, हे कधी ध्यानातच आलं न्हाई. म्हातारी डोक्यानं अधू.

९ फेब्रु., रविवार
गोष्टीतली बाई मार खाऊन आईकडं जाती. आई जवळ घेती, चहा पाजती, केक बांधून देती, अन् संध्याकाळच्या बसमधी बसवून परत धाडती. हितं मृ. वाचायची थांबली. माझ्याकडं बघंना.
मीबी मार खाऊन आलेल्या संगीची दोनदा ओटी भरली अन् परत धाडली. पयल्या खेपेला खण-नारळ. दुसऱ्या खेपेला डोळा काळानिळा घेऊन आलेली, तवा भारीतली साडी. दारात आलेल्या लेकीला रित्या हातानं धाडू नये, एवढं मला आईनं शिकवलं. धाडूच नये, हे न्हाई शिकवलं. भरल्या ओटीनं गेली की मला झोप लागायची.
"तुझ्या अभ्यासात आईचं प्रकरण हाय का गं?"
"आहे, आजी. तिसरं."
"माझं नाव घालू नगं." जरा वेळानं म्हनलं, "घाल."

१० फेब्रु.
मधली खोली रिकामी झाली. लगेच एक आयटीवाला दारात. मराठी, हिंदी, इंग्रजी, सगळं एका घासात बोलतो. म्हनलं, "खोली दिली." "किसको, आजी?" "हाय एक बाई."
मृ. कडनं संगीला फोन लावून घेतला. "ये."
"कशाला, आई?"
"वांगी लई आल्यात."

१२ फेब्रु.
संगी आली. भरलं वांगं दोनदा वाढून घेतलं. हसली बी. चार वाजता उठली, आपणच पाट मांडला, पदर पसरून बसली. चाळिशीची बाई, शाळंतल्या पोरीवानी.
मी म्हनलं, "आज ओटी न्हाई."
तोंड उतरलं तिचं. "माझं काय चुकलं, आई?"
अगं देवा. मृणाल, हे लिहू नगं. ... लिही.
म्हनलं, "भरली तर जाशील तू. मधली खोली तुझी हाय. आता पाटावरनं ऊठ, मला वाकवत न्हाई."
उठली न्हाई. पाटावरच बसून रडली. मग मृ. नं चहा केला, तो इतका वाईट झाला की रडं थांबलं.

१४ फेब्रु.
संगी कालपण होती, आजपण हाय. ऊन ओट्यावर येईस्तोवर झोपती. घोरती बापावानी. बरं वाटतं ऐकायला.
सकाळी जावईबापूंचा फोन. "मामी, कधी धाडताय?" आधी दोनी खेपेला मीच झटदिशी म्हनलं होतं, उद्याच धाडते. आज म्हनलं, "तिला इचारते." असलं ऐकायची त्यांना सवय न्हाई. मलाबी न्हाई.
संगी परसात मेथी खुडत होती. इचारलं.
"मला काय इचारतीस?"
"मग कुणाला इचारू?"
वर बघितलं न्हाई. खुडतच राहिली. म्हनली, "हा वाफा होऊ दे, मग सांगते."
वाफा लांब हाय, घाई न्हाई. मीबी बसले खुडायला, दुसऱ्या टोकाकडनं न्हाई, तिच्या शेजारी.