सात नंबरच्या मशीनचं मागचं दार

प्रिय वनमाला,

चार दिवस तुझा फोन उचलला नाही. रागावली असशील, रागाव. पण हे पत्र शेवटपर्यंत वाच. मधल्या सुट्टीत आता कुणी डबे एकत्र उघडत नाही, आणि नंदकुमार सर तुझ्या रिकाम्या खुर्चीकडे बघायचं टाळतात. एकोणीस वर्षं दहावीला गणित शिकवणाऱ्या बाईंना एका दुपारीत निलंबित करून मुख्याध्यापकही सुखात नाहीत.

स्टाफरूमचा कॉम्प्युटर बंद पडला म्हणून तू पूर्वपरीक्षेचा पेपर टाइप करायला माझ्या लॅबमध्ये आलीस, आठवतं? मीच तुला सात नंबरच्या मशीनवर बसवलं. विंडोजमध्ये तुझं वेगळं खातं करून दिलं आणि छातीठोकपणे म्हणाले, तुझ्या पासवर्डशिवाय ब्रह्मदेवालाही हा फोल्डर उघडायचा नाही. तू हसून म्हणालीस, ब्रह्मदेवाचं सोड गं, घाटकोपरच्या पोरांचं सांग!

आमच्या मशीनांवर दोन संसार आहेत. चालू करताना विंडोज निवडा, नाहीतर लिनक्स. डिस्क मात्र एकच. विंडोजमध्ये केलेले प्रकल्प लिनक्समधून उघडेनात, आणि पन्नास पोरं 'बाई, बाई' करून माझा जीव खायची. वैतागून दिवाळीनंतर मी लिनक्समध्ये एक ओळ बदलली आणि विंडोजची अख्खी डिस्क सगळ्यांना मोकळी केली. विंडोजचं कुलूप लिनक्सला लागू होत नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. पुढच्या दाराला कुलूप आणि मागचं दार सताड उघडं, अशा घरात मी तुला दागिने ठेवायला सांगितले. विसरले गं. तोपर्यंत खरंच विसरले होते.

सोमवारी नऊ वाजता पेपर पोरांच्या मोबाइलवर फिरतोय असं कळलं, तेव्हा आठवलं. मी तुझ्याकडे नाही आले. आधी लॅबमध्ये धावले, ती ओळ बदलली, सगळ्या मशीनांवर लिनक्समधून ती डिस्क बंद केली. अकराला चौकशी बसली. पासवर्डशिवाय दुसऱ्या कुणाला तो फोल्डर उघडता येतो का, असं मुख्याध्यापकांनी मला विचारलं. मी म्हणाले, नाही. दोन तासांपासून ते खरंच होतं! तू किती विश्वासानं माझ्याकडे बघत होतीस. तुला वाटलं, तू पेपर नीट कुलपात ठेवला होतास असं सांगून मी तुझी बाजू घेतेय. आणि माझ्या त्याच उत्तरावर त्यांनी लिहिलं की पेपर वनमालाबाईंनीच बाहेर दिला. मला स्वतःची किळस येते.

उद्याच्या संस्थेच्या सभेला तू येणार नाहीस, राजीनामाच पाठवतेयस, असं काल मुख्याध्यापकांकडून कळलं. म्हणून हे लिहिलं. राजीनामा देऊ नकोस. माझी लेखी कबुली आज त्यांच्याकडे दिली. ते म्हणाले, तुमचीही नोकरी जाईल, आणि नुसत्या कागदावर संस्थेचे लोक विश्वास ठेवणार नाहीत. मग पोरं गेल्यावर मी सात नंबरचं मशीन सोमवारच्या आधी होतं तसं केलं. उद्या अकरा वाजता लॅबमध्ये ये. सगळ्यांसमोर तुझा फोल्डर मी उघडणार आहे, तुझ्या पासवर्डशिवाय.

अजून म्हणू देशील तर तुझीच,
दर्शना