आकाशमल्लाचे फुगे

शनिवार, २ मार्च १९९१

आधी दुरुस्ती. बुधवारी लिहिलं होतं की शुक्रवारी सेठना सगळं सांगणार. शुक्रवारी उल्हासनगरात लाईट नसते, प्रेस बंद असते. नऊ महिने तिथे काम करून हे मला माहीत नसेल असं कोणी म्हणणार नाही. तरी ते खोटं नव्हतं, वार चुकला. सोमवारी सांगणार.

काय सांगायचं ते इथे नीट मांडते, म्हणजे तिथे ततपप होणार नाही. टेकचंद सेठ मुलांची चित्रकथा आधी हिंदीत काढतात. मग अनंता बोलण्याच्या फुग्यांवर पांढरा रंग मारून हिंदी पुसतो आणि मी त्यात मराठी लिहिते. भाषांतर करायचं, बस. दिवाळीपासून मी ते केलेलं नाही. चित्रं तीच, बोलणं माझं. सेठना मराठी वाचता येत नाही.

हिंदीतला आकाशमल्ल कुठूनही हाक ऐकतो आणि उडत येऊन वाचवतो. माझ्या आकाशमल्लालाही सगळं ऐकू येतं. त्याचा त्याला त्रास होतो, म्हणून त्याने गावात मोठ्याने बोलायची बंदी केली आहे. चित्रात तो कोसळतं छप्पर हातांवर धरतो. हिंदीत म्हणतो, घाबरू नका. माझ्या मराठीत विचारतो, "भांडं कोणाचं वाजलं?"

कसं सुचलं माहीत नाही. अण्णांशी काही संबंध नाही.

सोमवार, ४ मार्च

सेठकडे कागदवाला बसला होता. बाहेरच्या माणसासमोर कबुली देणं बरं दिसत नाही.

आज एक गोष्ट मात्र पक्की झाली. अनंता माझ्यासाठी फुगे मोठे पुसतो. हिंदीचा फुगा सुपारीएवढा असेल तर माझ्या वाट्याला लिंबाएवढा येतो. त्याला कळलंय की मला जागा लागते. आम्ही बोलत नाही. गरजही नाही.

बुधवार, ६ मार्च, संध्याकाळी

भयंकर. शेजारच्या भागीरथीबाईंची गोदू दोन दिवस बोललेली नाही. जिना दणाणून सोडणारी मुलगी खिडकीत गप्प बसलेली. ती आकाशमल्ल वाचते हे मला माहीत आहे.

छापून आलेली पुस्तकं मी स्वतः उघडत नाही. चूक दिसली तर नंतर काही करता येत नाही आणि आठवडाभर जेवण जात नाही. पण मुलं उघडतात. उद्या काहीही झालं तरी सांगणार.

गुरुवार, ७ मार्च

सेठ कल्याणला गेले होते.

शुक्रवार, ८ मार्च

सुट्टी. अण्णांचं मौन. आई गेल्यापासून ते शुक्रवारी बोलत नाहीत, हवं ते पाटीवर लिहून दाखवतात. पाटी माझीच. चौथीपर्यंत मी शाळेत गेलेच नाही, अण्णांनीच घरी शिकवलं. कारखान्यातून आले की सहा ते आठ. उत्तर हळू आवाजात द्यायचं. मोठ्याने दिलं तर बरोबर असलं तरी चूक.

सकाळी ओट्यापाशी सेठसाठी वाक्यं घोकत होते. मागे वळले तर अण्णा दारात, हातात पाटी. "पुटपुट."

थांबवली.

दिवसभरात पाटीवर एकूण चार शब्द आले. पुटपुट, चहा, मीठ, दिवा. गेल्या शुक्रवारी तीनच होते.

शनिवार, ९ मार्च

शेवटचं पान पुरं झालं. पाण्याच्या टाकीवर एक मुलगी अडकली आहे. ओरडायला बंदी, म्हणून ती ओरडत नाही. तरीही आकाशमल्ल येतो. हिंदीत म्हणतो, मी आलो. माझ्यात म्हणतो, "तुझा श्वास ऐकू येतोय."

फुग्यात अगदी बरोबर बसलं. धीर करून अनंताचे आभार मानले. तो म्हणाला, कसले? मी फुग्यांच्या आकाराबद्दल बोलले. त्याने ब्रश दाखवला. "बारीक ब्रशचे केस गेले ना. मोठ्यानेच मारतो. जागा उरली तर फूलबिल काढ एखादं." मजकूर त्याने कधी वाचलेला नाही. अक्षर मस्त आहे म्हणाला.

मस्त म्हणाला, हे नोंदवून ठेवते.

मंगळवार, १२ मार्च

सांगितलं. उभ्यानेच, एका दमात, दिवाळीपासूनच्या पाचही पुस्तकांचं. हिंदी चुकलं असेल. गोदूचंही सांगितलं.

सेठनी चष्मा काढला. "बेटी, मराठी तो दिवाळी से बंद है. छपता किधर है?"

मग कपाट उघडलं. माझी पाचही पुस्तकं तिथे होती, प्रत्येक वेगळ्या कागदात गुंडाळून, सुतळी बांधून. धूळसुद्धा नव्हती.

मी विचारलं, मग मला काम का देत होतात? मग कळलं की अण्णा येऊन गेले होते. पोरगी घरी दिवसभर स्वतःशी बोलत बसते, त्याचा त्रास होतो, असं म्हणाले होते. इथे मशीनच्या आवाजात ते कोणाला कळणार नाही. सेठ म्हणाले, तू बैठ, तेरेसे रौनक है.

मराठी बंद आहे हे अनंताला माहीत होतं. त्याला वाटलं, मलाही असेल.

गुरुवार, १४ मार्च

गोदूला गालगुंड झालं होतं. आज जिन्यात बोंबलत होती. म्हणजे माझ्यामुळे एकही मूल घाबरलेलं नाही. चांगलीच गोष्ट आहे. एकानेही वाचलेलं नाही, एवढंच.

शेवटचं पान घरी आणलं आहे. ते अण्णांना वाचून दाखवणार. इतर दिवशी ते मध्येच थांबवतील, शुक्रवारी त्यांना बोलता येत नाही. काल सराव केला, खणखणीत आवाजात. कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या तेव्हा.

उद्याच करता आलं असतं. पण त्यासाठी पाटी लपवावी लागेल, आणि रविवारी पाडवा. अण्णा अजून त्या पाटीवर सरस्वती काढून पूजा करतात. पूजेआधी पाटी लपवणं मनाला पटत नाही. पाडव्यानंतर हरकत नाही.

तर शुक्रवार, २२ मार्च १९९१. सकाळी सात वाजता, त्यांचा चहा झाल्यावर. पाटी आणि पेन्सिल आधी माझ्या ताब्यात.