माझा आवाज पोचत नाही

४ नोव्हेंबर

पुन्हा तेच! दुपारभर रेडिओ सेटवर हाका मारल्या, कोणी ओ देईना. ओम्स्कचा एकजण इतका स्वच्छ ऐकू येत होता की त्याचा खोकलासुद्धा कळत होता. मी बोलते नि तो खुशाल दुसऱ्याला हाक मारतो. जणू मी नाहीच.

माझा नवरा सोरोनबाय म्हणायचा, "झूरा, तुझा आवाज नाजूक गं, डोंगर ओलांडत नाही." रेडिओवर बोलायचं लायसन्स माझंही होतं — त्याच्या आधीचं! पण वर्षानुवर्षं हेच ऐकून माइक ठेवला आणि त्याला चहा देत बसले. तो वसंतात वारला. आता घरात बोलायला हा सेट तेवढा, आणि तोही ऐकत नाही.

७ नोव्हेंबर

वारा सुटलाय, खिडक्या थडथडताहेत. आज दिवसभरात तोंडातून दोनच शब्द निघाले. पाववालीला — "एक दे."

८ नोव्हेंबर

मॉस्कोहून नूरजातचा फोन. "आई, विकून टाक तो डबा आणि ये इकडे!" एका खोलीत ते चौघं. मी निजू कुठे, उंबऱ्यावर?

ठरवलं — विकायचा नाही, उघडायचा. माइकचा आवाज कमीजास्त करायचा स्क्रू आत खोल असतो. तो काढून बाहेर, पुढच्या पट्टीवर, बटण बसवायचं. मग माझ्या आवाजाला लागेल तसं फिरवीन. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म गेला माझा, डाख देता येतो!

जुमाकादिरला बटण मागितलं. सोरोनबायचा दोस्त, रेडिओ क्लबचा जुना अध्यक्ष. त्याच्याकडे सुट्या भागांची बरणी आहे. तो चटकन म्हणाला, "वहिनी, उघडू नका हो. शॉक बसेल. जुनं यंत्र, कशाला छळता?"

शॉक! जसा काही मला प्लग काढता येत नाही.

११ नोव्हेंबर

उघडला.

वरचं झाकण उचललं, खाली तो स्क्रू. कंपनीने तो मध्यावर लावून वर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिलेला — तो फुटलेला, म्हणजे कोणीतरी स्क्रू फिरवलेला. स्क्रू पार खाली आणलेला, अगदी टोकाला, आणि परत हलू नये म्हणून वरून लाल रंग!

सोरोनबाय सेटवर गर्जायचा. तेवढ्यावरही त्याचं भागत होतं. माझं नाही भागलं.

चहावर साय धरली.

१२ नोव्हेंबर

म्हणजे माझा आवाज नाजूक नव्हता. सोरोनबायनं मुद्दाम दाबला! आणि वर केवढं सोंग — "मला आतलं काही कळत नाही, मी आपला छपरावरचा माणूस!" ऐन थंडीत छपरावर चढून अँटेना उंच करायचा. हात सोलवटून घ्यायचा. "आता बोल, आता जाईल!" मी खालून शिडी धरायचे आणि रडायचे की माझ्यापायी याचे हाल.

आज शुक्रवार. गेलेल्यांसाठी तेल तापवायचं, कणकेचे बोरसोक तळायचे, वास त्यांच्यापर्यंत पोचतो म्हणतात. नाही तळले. बसू दे उपाशी.

१५ नोव्हेंबर

जुमाकादिर आला. वाळवलेला मासा आणला, आणि बटणही. त्याला उघडा सेट दाखवला. "बघ तुझ्या दोस्ताची करामत!"

त्यानं वाकून पाहिलं. टोपी काढली, परत घातली. "मेलेल्या माणसाबद्दल काय बोलायचं, वहिनी."

"जिवंतपणी कळलं असतं तर त्यालाच बोलले असते."

चहा अर्धा टाकून उठला. भिंतीवरून सोरोनबायचा फोटो काढला मी त्याच्यादेखतच. तो बूट चढवून निघाला.

१८ नोव्हेंबर

पुढच्या पट्टीला भोक पाडलं. दोनदा डाख निसटला. बटण जोडलं, सेट लावला — नुसती घरघर! उघड्या वायरनं घरातली सगळी वीज गोळा केली असावी.

१९ नोव्हेंबर

वरून तारेची जाळी असलेली वायर घातली, जाळी सेटच्या पत्र्याला जोडली. घरघर गेली. बटण फिरवलं की मीटरचा काटा माझ्या आवाजाबरोबर नाचतो! माझ्या आवाजाबरोबर!

बोलायला मात्र धीर होईना. इतक्या वर्षांनी काय सांगायचं लोकांना? हवामान?

२० नोव्हेंबर

हाक मारली. माझ्या नावानं, सोरोनबायच्या नव्हे. पहिल्याच हाकेला ओम्स्क, बाकू, आणखी कोण कोण — एकावर एक! हसू आलं, रडू आलं. तेवढ्यात सगळ्यांवर चढून गावातलाच आवाज. जुमाकादिर. "झूरा वहिनी, ऐकू येताय. पूर्वी यायचात तशाच." बाकीचे थांबून ऐकत होते. "तेव्हा क्लबच्या स्पर्धेत तुम्ही मला मागे टाकलंत. बाईनं अध्यक्षाला हरवलं म्हणून सगळा क्लब हसला. नंतर तुमच्याकडे फ्यूज बदलायला आलो होतो, तेव्हा मी तो स्क्रू फिरवला. सोरोनबायला शेवटपर्यंत माहीत नव्हतं."

मी सेट बंद केला.

जिवंत माणसाशी धरलेला अबोला सोडता येतो. मेलेल्याशी धरलेला कसा सोडायचा?