चार नंबरचा पाळणा

९ जानेवारी १९९७
माझ्या वैशालीच्या मुलीला आज सहा दिवस. वजन एक किलो दोनशे ऐंशी, कालपेक्षा वीस ग्रॅम कमी. काचेतून पाहिली. नाकात नळी, मूठ कानापाशी.
शेजारी चार नंबरवर संगीताची मुलगी. लिंबायत वस्तीतली खानदेशी माणसं, नवरा कापडाच्या लूमवर. तीही आठव्या महिन्यातलीच, आमच्यापेक्षा दोन आठवड्यांनी मोठी. आज वाटी-चमच्याने दूध प्यायली. सिस्टर मीनाबेन सगळ्यांना बोलावून दाखवत होती. मीही पाहिलं, हसले. आमच्या पोरीनं कुणाचं काय घोडं मारलंय?

११ जाने.
संगीताची सासू बाकावर शेजारी येऊन बसली. सगळे तिला आक्का म्हणतात. पदरात भुईमुगाच्या शेंगा. हॉस्पिटलात शेंगा!
"बाई, तुमनी नात कशी शे?"
बरी आहे म्हटलं.
"आमनी ते पार गयेल व्हती. ताप, पोट फुगेल. मंग भारी सुई दिन्ही तवय उठनी. आते कशी मोठ्यानं रडस! ती जागाच गुणनी शे बाई."
जागेचा गुण म्हणे! पण खरंच मोठ्याने रडते. काचेबाहेर ऐकू येतं. आमची मांजराच्या पिल्लाएवढा आवाज करते. त्या रडण्याचासुद्धा हेवा वाटला. आक्काने शेंगा पुढे केल्या, भूक नाही म्हणाले. भूक होती.

१३ जाने.
पतंगाच्या मांज्याने कापल्या जाणाऱ्या पक्ष्यांवर पेपरला मजकूर दिला, दुपारी चारच्या आत. संपादक म्हणाले, घरी एवढं असताना कसं जमतं? हात आपोआप चालतो, त्यात काही नाही.
संगीताच्या मुलीला उद्या आईजवळ देणार. वै. म्हणाली, "बरं झालं ना गं?" हो म्हटलं.

१४ जाने., उत्तरायण
दोन सिस्टर रजेवर, सफाईवालीही नाही. गच्च्यांवरून दिवसभर पतंगवाल्यांचा आरडाओरडा. दुपारी चार नंबर रिकामा झाला.
मीनाबेनला म्हटलं, आमच्या मुलीला तिकडे घ्या.
"शुं काम, मासी?"
तुमच्या टेबलाजवळ आहे, लक्ष राहील, असं सांगितलं. खरं कारण सांगायची लाज वाटली. तीस वर्षं लोकांच्या लेखातून पायगुण आणि मुहूर्त काढून टाकत आले. पण ती जागा मला हवीच होती. त्यांच्या हॉस्पिटलच्या शिबिराची बातमी मी छापली होती, त्यामुळे मीनाबेनला नाही म्हणता येईना. दहा मिनिटांत हलवली. चादर बदलली. ऑक्सिजन ज्या पाण्याच्या बाटलीतून येतो ती बाटली मात्र तीच, संगीताच्या मुलीची. मी बघत होते. बोलले नाही. वै. तेव्हा दूध काढायला गेली होती.
बरं वाटलं. आता आमची पाळी.

१५ जाने.
वजन दहा ग्रॅम वाढलं! जागा...
नको लिहायला.

१७ जाने.
सकाळपासून पाय गार. पोट फुगलंय. दूध बंद केलं. रक्त तपासायला पाठवलं, जंतू वाढवून बघायला दोन-तीन दिवस लागतात म्हणे. डॉक्टरबाईंनी विचारलं, "हिला इथे कधी आणली?" मीनाबेनने माझ्याकडे पाहिलं. मी घड्याळाकडे.

१९ जाने.
संगीता घरी गेली. आक्काने पोर दुपट्यासकट माझ्यापुढे धरली. "ल्या ना बाई, थोडी ल्या हातमा." दोन किलोला आलेली. गालसुद्धा आलेत. सर्दी आहे मला, असं सांगून टाळलं. ती वळल्यावर रिक्षा जाईपर्यंत खिडकीतून बघत उभी राहिले. असं बघू नये लहान मुलाकडे.

२० जाने.
रिपोर्ट आला. क्लेब्सिएला नावाचा जंतू. औषधांची यादी आणि प्रत्येकापुढे एक अक्षर. R म्हणजे त्या औषधाला जंतू दाद देत नाही. मी मुद्रितशोधन करताना वाचते तसा ओळ न् ओळ वाचला, बोट ठेवून. R, R, R. खाली एकाच औषधापुढे S, म्हणजे ते लागू पडतं. डॉक्टरबाईंनी फाइलमधून संगीताच्या मुलीचा जुना कागद काढून शेजारी ठेवला. तोच जंतू, तीच अक्षरं, तोच एक S.
जे तिला मिळालं ते सगळं आमच्या मुलीला मिळालं.
ती एकच सुई सुरू केली. आमची कोपऱ्यात वेगळी ठेवली आहे. डॉक्टरबाई म्हणाल्या, संगीताची अशक्त होती पण हिच्यापेक्षा मोठी होती. 

२१ जाने.
बारडोलीकडच्या एक आजी मीनाबेनला विनवत होत्या, "चार नंबर आपो ने, बेन. त्यां छोकरां सारां थाय छे." तिथे मुलं बरी होतात, हे गेल्या आठवड्यात या बाकावर त्यांना सांगितलं होतं कुणी? मीच, वजन दहा ग्रॅम वाढलं त्या दिवशी.
उठले. डॉक्टरबाईंच्या खोलीत जाऊन सगळं सांगितलं. चादर, बाटली, मीनाबेनवर टाकलेली भीड, सगळं.
त्यांनी पेन खाली ठेवलं. "जग्या तमे मागी, पण आपी तो अमे ने."
म्हणजे मागितली मी, पण दिली त्यांनी. मग चार नंबरचा पाळणा बाहेर काढला. सगळ्याच बाटल्या, नळ्या काढल्या. आजींना त्याचा राग आला. माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, आपली नात बरी होत नाही म्हणून दुसऱ्याचं बघवत नाही.  
वै.ला अजून सांगितलेलं नाही.

२२ जाने.
सांगितलं. दूध काढत होती, थांबली नाही.
"तुला संगीताच्या मुलीचं बघवत नव्हतं. मला दिसत होतं, आई."
मग, "मलाही नव्हतं बघवत."
आणि थोड्या वेळाने, "पण मी तिची जागा मागितली नसती."
घरी जा म्हणाली. नाही गेले, खालच्या पायरीवर बसले आहे. इथेच लिहितेय.
पोट जरा उतरलंय असं मीनाबेन म्हणते. डॉक्टरबाई तसं म्हणाल्या नाहीत. पाच वाजता नळीतून दोन मिली दूध दिलं आहे. पोटात राहतंय का, ते सहाला तपासणार. आता साडेपाच. वै. वरून एकदा डोकावली, मी आहे का बघायला.