कवडूच्या अंगातला पारा

३० नोव्हेंबर १९८६, भिलाई
आजपासून संशोधन. आमच्या लॅबच्या कवडूचे हात थरथरतात. वीस वर्षं दाब मोजायच्या मॅनोमीटरमध्ये पारा भरतोय बिचारा. पारा अंगात मुरला, हे निदान माझं. उपायही माझाच. असा मॉलिक्यूल बनवायचा, जो पाऱ्याला दोन हातांनी धरेल आणि लघवीवाटे बाहेर नेईल. हात गंधकाचे. गंधक पाऱ्याला सोडत नाही, हे बी.एस्सी.ला शिकलो होतो. डॉक्टर लोकांना कसं सुचलं नाही, कोण जाणे. नागपूरला थर्ड क्लास मिळाला तेव्हा हसणाऱ्यांनी आता बघावं.

३ डिसेंबर
मॉडेल तयार! कणकेचे गोळे, विणायच्या सुया. गंधकाच्या गोळ्यांत हळद. नाव बायकोचं ठेवलं, 'वसुंधरा-१'. खूश होईल वाटलं होतं. म्हणाली, अहो, सुया द्या आधी, तुमचंच स्वेटर अर्धं पडून आहे.

७ डिसेंबर, रविवार
फुटक्या मॅनोमीटरमधला पारा बाटलीत भरून क्वार्टरवर आणला. कोणाला विचारलं नाही. संशोधक विचारत बसत नाहीत. मागच्या खोलीत सिगडीशेजारी बाटली कलंडली. गोळ्या चौफेर. झाडूने गोळा केल्या, म्हणजे बऱ्याचशा. बाकीच्या फरशीच्या फटीत. राहोत तिथे. धातू आहे, उडून थोडाच जाणार?

१५ डिसेंबर
गंधकाचं कंपाउंड उकळलं. वास तुंबलेल्या नालीचा. शेजारचे आनंदराव नाकाला रुमाल लावून विचारायला आले, गॅस लीक झाला का. वसुंधरा मुलींना घेऊन भावाकडे दुर्गला गेली. उत्तम, एकांत मिळाला. शेजाऱ्यांना अक्कल नसल्याने खिडक्या कायमच्या बंद. थंडी फार. सिगडी सकाळ-संध्याकाळ.

२ जानेवारी १९८७
हिरड्या सुजल्या. टूथपेस्ट बदलली. अक्षर वाकडं येतंय. पेनच खराब. नवा आणला, तोही खराब. हल्ली कंपन्या मालच असा काढतात.

१२ जानेवारी
लॅबमध्ये सगळे चिडके झालेत. माणिकने ब्युरेट कुठे आहे एवढंच विचारलं. माझा आवाज चढला, मग सगळ्यांदेखत रडू आलं. प्रतिभावंतांचं असंच असतं. कवडू माझ्याकडे बघत होता. म्हणाला, साहेब, तुमचे हात कावून हालून राहिले? मी म्हटलं, उत्साहाने. स्वतःचा आजार दुसऱ्यात दिसतो बिचाऱ्याला.

१९ जानेवारी
कवडूला ओढत डॉक्टर श्यामरावांकडे नेलं. तो म्हणत होता, मले काई नाई झालं. चोवीस तासांची लघवी तपासायला पाठवली. तुलनेला एक निरोगी माणूस लागतो, एवढं सायन्स मला कळतं. म्हणून माझीही दिली.

६ फेब्रुवारी, हॉस्पिटल
रिपोर्ट आले. कवडू साफ. त्याचे हात लहानपणापासून हलतात, त्याच्या बापाचेही हलायचे. इचारलं असतं त सांगतलं असतं साहेब, म्हणतो. निरोगी माणसाचा आकडा बघून मात्र डॉक्टर खुर्चीतून उठले. घरी पारा आहे का, विचारलं. मी फरशीचं सांगितलं. तापवला की पारा हवेत जातो, हे त्यांनी मला सांगितलं. मला, केमिस्टला.
अब्रू वाचवायला वसुंधरा-१ चं चित्र दाखवलं. त्यांनी इंजेक्शनच्या खोक्यातला कागद पुढे केला. त्यावरही तसेच गंधकाचे दोन हात. हे औषध दुसऱ्या महायुद्धापासून मिळतं म्हणे. कमरेत खोल टोचतात. वास त्याच नालीचा.
घाबरलो आहे. वसुंधरा दुर्गला गेली नसती, पोरी त्या खोलीत झोपल्या असत्या, तर. तिची आणि पोरींचीही तपासणी झाली, निभावलं. अर्धं स्वेटर घेऊन ती पलंगाशी बसली आहे.
हे पान मी सांगितलं, कवडूने लिहून घेतलं. त्याचं अक्षर माझ्याहून सरळ येतं.