यांच्या शेजारची जागा

इंदिरानगर, नाशिक
२० नोव्हेंबर २००२

शांतवन,

'प्रभूमध्ये सलाम' लिहायला आज हात वळत नाही. तू चर्चच्या मंडळीचा पाळक असशील, पण आधी माझा धाकटा भाऊ आहेस, म्हणून स्पष्टच लिहिते.

आमचे हे गेले तेव्हा त्यांच्या कबरीशेजारची जागा मंडळीच्या कमिटीनं माझ्यासाठी राखून ठेवली होती. गेल्या गुरुवारी तिथे तू येवल्याच्या कुणा परक्या बाईला पुरलंस. मला विचारलंसुद्धा नाहीस! मला कळलं ते थेट रविवारी, तुझ्या उपदेशात. "ख्रिस्तानं शिकवलं तसा आमच्या अक्कानं आपला हक्क सोडला." सगळं देऊळ माझ्याकडे वळून बघत होतं. अरे, माझा हक्क सोडणारा तू कोण? पाळकांच्या बंगल्यातली एक खोली तरी कधी कुणाला दिलीस का?

काल भांडायचं ठरवूनच स्मशानभूमीत गेले. त्या बाईची मुलगी मातीपाशी बसली होती. रविवारी तीही देवळात होती; मला ओळखून म्हणाली, "मावशी, आईचं नाव कुठल्याच मंडळीत नव्हतं. दोन ठिकाणांहून आम्हाला परत पाठवलं. तुम्ही स्वतःची जागा दिलीत." तिनं माझे दोन्ही हात धरले. मी तोंड उघडलं आणि "हो, दिली," एवढंच बाहेर आलं.

तेव्हा नीट ऐक. ती जागा काल मी दिली. गुरुवारी तू दिलीस ती चोरी होती.

हे पत्र मी टपालपेटीत टाकणार नाही. टाकलं, तर येत्या रविवारी तू याचाही उपदेश करशील.

तुझी अक्का,
सरोजिनी