पाय फळीला टेकवून

ओस्टरवीर,
बुधवार, ६ मार्च २०२४

प्रिय रेन्स्के,

तू बरी असशील असं धरून चालते. इथे सगळं ठीक. वारा असा सुटलाय की दुकानात जाताना सायकल हातात धरून चालावं लागतं.

पार्सल पोचलं. आणि हे बघ, आत चिठ्ठीवर 'एका जुन्या नर्सकडून' असं लिहून मी फसेन असं वाटलं असेल, तर तू अजून तेवढीच भाबडी आहेस. तुझी शिवणीची टीप मी डोळे मिटून ओळखेन. माझ्या लग्नाच्या झग्याचं अस्तर कुणी शिवलं होतं, नणंदबाई?

फोनच करणार होते. पण माझा आवाज ऐकलास की ठेवून देशील, म्हणून पत्र. पत्ता शोधावा लागला नाही. तुझा भाऊ डौवे होता तोवर दर नाताळला तुला कार्ड लिहायचा आणि पेटीत टाकायला मला धाडायचा.

आधी बातम्या. नातीचं नाव फेन्ना ठेवलंय. योरिट चाळिशी उलटल्यावर बाप झालाय, पण वागतो असा, की जगात पहिलं मूल त्यालाच झालंय. आल्यागेल्याला, मुलगी झाली म्हणून रिवाजाप्रमाणे, टोस्टवर लोणी आणि गुलाबी बडीशेपेच्या गोळ्या घालून देतो. निम्म्या गोळ्या खाली सांडतात आणि आठवडाभर पायाखाली करकरतात. सून इल्सा शाळेत गणित शिकवते, त्यामुळे कशावरही पटकन विश्वास ठेवत नाही. तू शिवलेली झोपायची पिशवी, बाळाला पांघरुणाऐवजी घालायची ती, तिने उलटीपालटी करून पाहिली, गळ्यात बोटं घालून पाहिली, बटणं ओढून पाहिली.

"बाह्या नाहीत, टोपी नाही, लोंबती नाडी नाही. गळासुद्धा बेताचा, डोकं आत सरकणार नाही. आई, ही शिवणाऱ्या बाईला सगळं ठाऊक आहे. कोण आहे ही?"

"असेल कुणीतरी जुनी नर्स," मी म्हटलं.

बघ, तुझ्यापायी खोटंही बोलले.

माझं म्हणशील तर पाठ दुखते. म्हणून मंगळवारचं काही जमत नाही. म्हणजे झालं असं, की इल्साची रजा संपत आली. इथल्या सगळ्या आज्यांचा नातवंडं सांभाळायचा एकेक दिवस ठरलेला असतो, तसा माझा मंगळवार, असं त्या दोघांनी मला न विचारताच ठरवून टाकलं. मी पाठीचं सांगितलं. योरिट म्हणाला, "आई, परवा बटाट्याचं पोतं एकटीने आत आणलंस तेव्हा कुठे गेली होती ही पाठ?"

"तेव्हाच तर गेली," मी म्हटलं.

इल्साला वाटलं, मी नव्या पद्धतींना बिचकते. तिने परस्पर माझं नाव घातलं. गावच्या सभागृहात शनिवारी सकाळी आजी-आजोबांसाठी वर्ग होता, बाळाला झोपवायचं कसं याचा. मी म्हटलं, एवढी म्हातारी झाले, आता झोपवायला शिकू? पण गेले. कॉफी फुकट होती.

मारित नावाची नर्स आली होती, अगदी पोरगेली. तिने टेबलावर पाळणा मांडला, हातात बाहुली दिली आणि म्हणाली, "तुमच्या पद्धतीने झोपवा." दूधवाला हेसेल आठवतो ना? आता गोठा मुलाकडे दिलाय, तोंड मात्र स्वतःकडेच ठेवलंय. तो पुढे झाला. बाहुली पालथी घातली, डोक्याखाली उशी, डोक्यावर लोकरीची टोपी, अंगावर पिसांची दुलई, शेजारी अस्वल. मारितने हसत हसत एकेक वस्तू बाहेर काढली.

"अगं, बिचारीला राहिलं काय?"

"घट्ट सपाट गादी, झोपायची पिशवी आणि श्वासाला मोकळी हवा, आजोबा. बाळ नेहमी उताणं, आणि पिशवी नसेल तर पाय पायथ्याच्या फळीला टेकवून, चादर घट्ट खोचून. पहिले सहा महिने आई-बाबांच्या खोलीत, पण स्वतःच्या पाळण्यात. आणि घरात सिगार नाही."

"उताणं? ओकलं तर गुदमरेल की!"

"नाही गुदमरत. उताणं बाळ गिळतं नाहीतर खोकून बाहेर काढतं. पालथ्या बाळाचं नाक मात्र गादीत जातं."

हेसेलने खुर्ची मागे रेलवली. "आमची पाचही पालथी झोपली. आज एकेक दारात मावत नाही. आणि पालथं घाला हे सांगायला तुमचीच नर्स आली होती घरी. आता म्हणता उताणं. पतवंडांच्या वेळेला काय, खुंटीला टांगू?"

सगळे खो खो हसले. मारित लाल झाली. आणि हेसेल खोटं बोलत नव्हता. रेन्स्के, त्याच्या घरी गेलेली नर्स तूच होतीस.

आता लिहितेच.

मी उभी राहिले. पाठ अजिबात दुखली नाही. म्हटलं, "योरिटच्या आधीचा माझा वीबे पालथा झोपला होता. तेव्हा डॉक्टर, नर्स, पुस्तकं, सगळे तेच सांगायचे, आणि चांगल्या मनाने सांगायचे. एका दुपारी मी कपडे वाळत घालून आत आले, तर तो उठला नाही. हेसेल, तुझी पाच उठली. माझा नाही उठला."

इतक्या वर्षांत ओस्टरवीरमध्ये त्याचं नाव मी मोठ्याने घेतलं नव्हतं. हेसेलने टोपी काढून मांडीवर ठेवली. मारित हळूच म्हणाली की सगळं नीट करूनही क्वचित एखादं बाळ जातं, ते कुणाच्या हातात नसतं. पण सल्ला बदलला आणि पूर्वी जात होती त्याच्या मानाने आता फारच थोडी जातात. मी मान हलवली. मला हे सगळं ठाऊक होतं. ते माझ्याच तोंडून बाहेर पडायचं राहिलं होतं.

वर्ग सुटल्यावर हेसेल माझ्याजवळ आला. म्हणाला, "माइके, ते पाय खाली टेकवायचं मला पुन्हा दाखव. धाकटीला एप्रिलमध्ये होणार आहे." मी दाखवलं. बाळ वरच्या टोकाला नाही ठेवायचं, खालच्या टोकाला, पाय फळीला टेकतील असं. म्हणजे ते खाली सरकून पांघरुणात जात नाही. पण चादर खोचायला गेले तर माझी सुरकुतत होती. तुझ्यासारखी ताणून खोचायला या गावात अजून कुणाला जमत नाही.

घरी येऊन योरिट आणि इल्साला खरं सांगितलं. पाठ बरी आहे. मला भीती वाटते. झोपलेल्या बाळाशेजारी उभं राहिलं की त्याला हलवून उठवावंसं वाटतं. योरिटला मी पाळण्यात ठेवलंच नाही, मांडीवरच वाढवला. योरिट माझ्या पाठीवर हात ठेवून उभा राहिला. इल्सा रडली आणि मग म्हणाली, "आई, तुम्ही एकट्या कशाला? कुणाला तरी सोबत घ्या."

मी कुणाचं नाव घेतलं असेल, सांग.

रेन्स्के, तुला कधी विचारलं नाही, आज विचारते. तू तोंड का लपवलंस? वीबे गेल्यावर तू नोकरी सोडलीस. मी तुझ्या घरी आले तर खिडकीचे पडदे ओढलेले. आपल्या गावात दिवसा पडदे ओढलेलं तेवढं एकच घर होतं. मग एक दिवस तू झ्वोलेला निघून गेलीस. डौवेच्या अंत्यविधीला देवळात शेवटच्या बाकावर बसलीस आणि नंतरच्या कॉफीला न थांबताच गेलीस. मी तुझ्यासाठी केकचा तुकडा बाजूला काढून ठेवला होता, मेले.

पहिला हिवाळाभर मला राग होता, हे लपवत नाही. तुझ्यावर, डॉक्टरवर, देवावर, वाळत घातलेल्या कपड्यांवरसुद्धा. मग राग ओसरला. पुढे सल्ला बदलल्याची बातमी डौवेने जेवताना मोठ्याने वाचली, तेव्हा मला वीबेच्याही आधी तू आठवलीस. म्हटलं, हे तिने वाचलं असेल तर ती आज एकटी बसून काय करत असेल? तू त्याला पालथा घातलास कारण तुला तसं शिकवलं होतं. मीही रोज तसाच घातला, कारण माझा तुझ्यावर विश्वास होता. तो विश्वास अजून आहे, म्हणून तू शिवलेल्या पिशवीत माझी नात झोपते.

मारितचा पुढचा वर्ग एप्रिलमध्ये आहे. तिला असं कुणीतरी हवंय, जे आधी एक सांगत होतं आणि आता दुसरं का सांगतं हे तोंडावर सांगेल. हेसेलसारख्यांचं तोंड त्याशिवाय बंद होणार नाही. मी तिला म्हटलं, आहे एक. पण ते नंतर बघू.

आधी मंगळवार. फेन्ना झोपली की मी सारखी जाऊन श्वास बघणार. तेव्हा मला दंडाला धरून बाहेर काढायला आणि "बटाटे सोल जा" म्हणून सांगायला कुणीतरी हवं. ते तुझ्याशिवाय कुणाचं मी ऐकणार नाही.

आणि ती चिठ्ठी मी चुलीत घातली. नर्स तू सगळ्या गावाची होतीस. वीबेची कोण होतीस, ते लिही आणि ये.

तुझी वाट बघणारी,
वीबेची आई,
माइके

*

झ्वोले,
शनिवार

प्रिय माइके,

पत्र स्वयंपाकघरात उभ्यानेच वाचलं, मग खाली बसून वाचलं. तू दारात आलीस त्या दिवशी मी पडद्यामागेच होते. तुझ्या हातात सायकल होती आणि डोक्याला निळा रुमाल. दार उघडलं असतं तर तू मला क्षमा केली असतीस, आणि मला ती नको होती. आता मी म्हातारी झालेय. आता हवी आहे.

मंगळवारी सकाळच्या गाडीने येते. पाळण्याच्या चादरी धुऊन ठेव, पण खोचू नकोस. तुझं खोचणं मला ठाऊक आहे. बटाटे भरपूर आण.

फेन्नाला सांग, मी येतेय.

वीबेची आत्या,
रेन्स्के